ताई हळू पळायला शिकली

आमची ताई कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यात खुर्चीपाशी उभी असते ती बाई नव्हे. दवाखान्याच्या मागे, ट्यूबलाइटच्या उजेडात, पांढऱ्या धुळीने भरलेली जी खोली आहे तिथे ताई बसते. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा साचा घेऊन मागे पाठवतात. ताई त्यात प्लास्टर ओतते, त्यावर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते आणि मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून ते गरम पाण्यात तासन्‌तास शिजवते. बावीस वर्षांत तिने काही हजार तोंडं आतून पाहिली आहेत. त्या तोंडांची माणसं मात्र तिने कधी पाहिली नव्हती.

त्यामुळे ज्या दिवशी तिने केलेली कवळी धावण्याच्या शर्यतीत तिला मागे टाकून पुढे गेली, त्या दिवसापासून ताईच्या डोक्यात भुंगा शिरला.

त्याआधी ताई पळायला का लागली ते सांगायला हवं. डॉक्टरांनी एकदा दवाखान्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, तेव्हा ताईची साखर काठावर निघाली. ताई तेव्हा पंचेचाळीस वर्षांची. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. ताईने पंधरा दिवस चालून पाहिलं आणि ती कंटाळली. मग कालव्याच्या काठाने पळायला लागली. रोज तीन किलोमीटर, जीव खाऊन. घरी येईपर्यंत तोंड बिटासारखं लाल झालेलं असायचं आणि अर्धा तास तिच्याशी बोलायची सोय नसायची. मी तिची धाकटी बहीण, तिच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे जिन्यात तिच्या श्वासाचा आवाज सगळ्यांत आधी मला ऐकू यायचा. लिफ्ट होती, आणि भाऊजी स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारे, तरी ही बाई जिन्याने.

"लोक माझ्यामुळे जिने विसरले," भाऊजी म्हणायचे, "आणि माझ्याच घरात हे असं."

डॉक्टरांना समाजसेवेची हौस. त्यांनी त्यांच्या संघटनेच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत दवाखान्यातल्या सगळ्यांची नावं परस्पर घालून टाकली. ताई पळाली. पहिला किलोमीटर वाऱ्यासारखा गेला, दुसरा बरा गेला, तिसऱ्यात नाकीनऊ आले. चौथ्यात ती कशीबशी पाय ओढत असताना बाजूने एक वयस्कर बाई आल्या. पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा, पायात जुने बूट. ताईकडे वळून त्या हसल्या, "येताय ना?" म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

ताईला त्या हसण्यात वरच्या रांगेतला डावीकडचा दात दिसला. जरासा तिरका, शेजारच्या दातावर रेललेला.

तो दात ताईनेच बसवला होता. दीड वर्षापूर्वी साच्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आली होती, "वरचा डावा दात मुद्दाम तिरका बसवा. पेशंटचा आग्रह आहे." ताईने डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. लोक नवे दात करतात ते सरळ, मोत्यांसारखे हवेत म्हणून. पैसे देऊन वाकडा दात मागणारं हे माणूस कोण, असा प्रश्न तिला पडला होता आणि मग कामाच्या रगाड्यात तो मागे राहिला होता. आता तो प्रश्न तिच्या पन्नास पावलं पुढे पळत होता.

ताईला शर्यतीला चौतीस मिनिटं पन्नास सेकंद लागली. ती पाणी प्यायलासुद्धा थांबली नाही, थेट त्या बाईंना शोधत सुटली. मी तिची पिशवी धरून मागे. बाई एका कठड्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

"मावशी, एक विचारू? तुमचा वरचा तिरका दात..."

बाईंनी पटकन तोंडावर हात धरला. "का हो? हललाय का?"

"नाही नाही. तो मी बसवलाय."

बाईंनी हात खाली घेतला, ताईला नखशिखान्त न्याहाळलं आणि खोखो हसल्या. "अहो, मग सांगायचं ना! काढून दाखवू का?"

"नको!" मी आणि ताई एकदमच ओरडलो.

त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं पत्रं वाटण्याचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या भागातले लोक त्यांना पोस्टमावशी म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. ताईला त्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. दाताची गोष्ट एवढ्या लोकांत विचारणं बरं दिसेना, म्हणून तिने दुसरी विचारली.

"तुम्ही रोज किती जोरात पळता?"

"जोरात? रोज?" मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. "रोज तर मी गप्पा मारत पळते."

"कोणाशी?"

"कोणी असलं तर त्याच्याशी. नसलं तर स्वतःशी. बोलता आलं नाही की समजायचं, आपण उगाच घाई करतोय."

"आणि मग शर्यतीत एवढा वेग येतो कुठून?"

"ते मला काय माहीत," मावशी म्हणाल्या. "येतो खरा."

हे उत्तर दुसऱ्या कोणाला पुरलं असतं. ताईला ते पुरणं शक्यच नव्हतं. लहानपणी तिने वडिलांचं गजराचं घड्याळ खोललं होतं, ते चालत नव्हतं म्हणून नाही, ते चालत होतं म्हणून. आत काय होतं ते तिला बघायचं होतं. ते परत जोडल्यावर एक चाक उरलं आणि तरीही घड्याळ चालू राहिलं, तेव्हा ते चाक मग कशासाठी होतं म्हणून ती आठवडाभर वडिलांच्या खनपटीला बसली होती. हळू पळून वेग कसा वाढतो, हा तसलाच प्रश्न होता. घरी आल्यावर तिने भाऊजींना विचारलं.

"हळू पळून हळूच पळायला येणार," भाऊजी म्हणाले. "यात विचारायचं काय?"

"मग त्या माझ्या पुढे कशा गेल्या? एकोणीस वर्षांनी मोठ्या आहेत."

तेव्हा ताईने करून बघायचं ठरवलं. पुढच्या शर्यतीला आठ महिने होते. तिने तीस मिनिटांच्या आत यायचं ठरवलं, आणि तोवर मावशी सांगतील तसं पळायचं.

हळू पळणं किती अवघड असतं ते तेव्हा आम्हाला कळलं. ताईच्या पायांना ते ठाऊकच नव्हतं. शेवटी मी सायकल काढली. मी तिच्या बाजूने सायकल चालवायची आणि तिने माझ्याशी सतत बोलायचं; वाक्य मध्ये तुटलं की वेग कमी करायचा, असा करार झाला. पहिल्या दिवशी सायकल इतकी हळू चालवावी लागली की मी दोनदा पडता पडता वाचले. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक गृहस्थ आम्हाला मागे टाकून गेले. कुत्र्याने वळून ताईकडे पाहिलं.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "त्यालाही आश्चर्य वाटलं."

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. कवळी कशी करतात ते सांग."

मग रोज ती मला कवळीबद्दल सांगायची. म्हणजे बावीस वर्षांत मी जे ऐकलं नव्हतं ते मी कालव्याच्या काठावर दोन महिन्यांत ऐकलं. प्रत्येकाचं चावणं वेगळं असतं. रागीट माणसांचे दात मागून झिजतात. अ‍ॅक्रिलिक शिजवताना पाणी एकदम उकळलं तर आत बारीक बुडबुडे धरतात. वरून कवळी चकचकीत दिसते आणि महिन्याभरात मोडते. हे सांगता सांगता ती थबकली.

"का थांबलीस? दम लागला?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणजे मीही आधी सहा महिने रोज पाणी उकळवतच होते."

एवढं बोलून ती पुन्हा पळायला लागली आणि त्या दिवशी तिने आणखी काही सांगितलं नाही. वाक्य तुटलं असं धरून मी तिला हळू व्हायला सांगितलं.

ताई वहीत सगळं लिहायची. वेळ, वारा, जेवण, झोप, आणि सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेले नाडीचे ठोके. सुरुवातीला ते मिनिटाला अठ्ठ्याहत्तर होते. सहा आठवड्यांनी एकाहत्तर झाले. नवव्या आठवड्यात सहासष्ट. गंमत म्हणजे कालव्याकाठचं तेच अंतर, तशाच गप्पा मारत, आता किलोमीटरमागे पाऊण मिनिट लवकर संपत होतं. सायकलवर माझे हालही कमी झाले होते.

ताई वही घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरली. डॉक्टर एका पेशंटच्या दाढेत काहीतरी करत होते.

"डॉक्टर, पाय तेच, रस्ता तोच, दमही तेवढाच. मग लवकर कसं होतंय?"

"बाई, मी दातांचा डॉक्टर आहे," डॉक्टर म्हणाले. पण त्यांनाही राहवेना. हात धुऊन त्यांनी कागदावर हृदय काढलं. रोज बराच वेळ सावकाश पळालं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये रक्ताच्या नवीन बारीक वाटा फुटतात, म्हणून तेवढंच काम कमी ठोक्यांत होतं, असं त्यांनी समजावलं. तोंड उघडं ठेवून खुर्चीत आडवा झालेला पेशंटही मान वळवून ऐकत होता. ताईने तो कागद मागून घेतला आणि वहीत चिकटवला.

पण नुसतं सावकाश पळून भागणार नव्हतं. मावशी म्हणाल्या, आठवड्यातून एकदा जोरातही पळायचं, कारण पायांना वेग विसरू द्यायचा नाही. त्यासाठी त्यांनी तिला कॉलेजच्या मैदानावर बोलावलं. तिथे चारशे मीटरची गोल पट्टी होती. सहा फेऱ्या जोरात मारायच्या आणि प्रत्येक फेरीनंतर अर्धी फेरी चालायचं.

ताईला वाटलं, हे तर आपलंच राज्य. पहिली फेरी तिने एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांत मारली. दुसरीला दोन मिनिटं सहा सेकंद लागले. चौथीला दोन वीस. पाचवीत ती मधेच थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभी राहिली.

मावशी शांतपणे जवळ गेल्या. तोपर्यंत त्या ताईला अगं-तुगं करायला लागल्या होत्या. "पहिली फेरी कोणाला दाखवायला पळालीस?"

"कोणाला म्हणजे?"

"इथे तर आम्ही दोघीच आहोत. आम्हाला काही दाखवायची गरज नाही."

"मग किती जोरात पळायचं?"

"सहावी जशी पळता येईल तशी पहिली पळायची."

"पण सहावी कशी पळता येईल हे पहिल्या फेरीला कसं कळणार?"

मावशी हसल्या. "आता तू बरोबर विचारलंस. ते शोधायलाच आलोय आपण."

ते शोधायला पाच आठवडे लागले. कधी ताई घाबरून फार हळू सुरू करायची आणि सहावीनंतरही ताजीतवानी राहायची, तर कधी पुन्हा जुनी खोड उसळी मारायची. सहाव्या आठवड्यात सहाही फेऱ्या दोन मिनिटं बारा ते पंधरा सेकंदांच्या मधे आल्या. मी वहीतून आकडे वाचून दाखवले तेव्हा ताईने वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः वाचली, जसं काही मी बनवून सांगत होते.

आणि इथेच तिने घोळ केला. प्रगती दिसायला लागली तसा तिला धीर धरवेना. मला आणि मावशींना न सांगता ती दुपारच्या सुट्टीतही पळायला लागली. पंधरा दिवसांत डाव्या पायाची नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग चालताना, मग प्लास्टर घोटत स्टुलावर बसलं तरी. भाऊजींनी तिला लिफ्टने वर येताना पकडलं आणि तिथेच बिंग फुटलं.

मावशी रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "वहीत लिहिलंस का ते दुपारचं पळणं?"

"नाही," ताई मान खाली घालून म्हणाली.

"मग वही खोटी झाली की गं. आता मागचे पंधरा दिवस तुझ्या काय कामाचे?"

हे ताईला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. तिने बसून आठवून आठवून त्या दुपारी वहीत भरल्या.

तीन आठवडे पळायचं नाही, असं ठरलं. दुखणं थोडं ओसरल्यावर मावशी म्हणाल्या, "माझ्याबरोबर चालायला ये. सावकाश." रविवारी सकाळी त्या आम्हा दोघींना त्यांच्या जुन्या वाटपाच्या भागात घेऊन गेल्या. एकतीस वर्षं रोज हाच फेरा. अरुंद गल्ल्या, चार-चार मजली इमारती, लोखंडी पत्रपेट्यांच्या रांगा. मावशींना प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या पाठ होत्या.

"इथे एकोणसाठ," एका दारातून आत बघत त्या म्हणाल्या. "आणि ही इमारत फेऱ्यात शेवटून दुसरी. नवीन मुलं सकाळी धावत सुटायची आणि इथे आली की पायरीवर बसायची. मी पहिल्या गल्लीतच ह्या पायऱ्या लक्षात ठेवायचे."

ताईने खालूनच दिसतील तेवढ्या पायऱ्या मोजल्या. मग खिडकीतून एका माणसाने "मावशी, आमचं काही आहे का?" अशी थट्टा केली आणि मावशींनी रिकामे हात वर करून दाखवले.

फेरा संपला तो त्यांच्या घरापाशी. दोन खोल्यांचं घर, खिडकीत एक छोटी म्हातारी शाल पांघरून बसलेली. मावशींची आई, वय एकोणनव्वद. मावशी आत शिरल्या, आईच्या समोर वाकल्या आणि तोंड भरून हसल्या. म्हातारीने त्यांच्या चेहऱ्याकडे बारीक नजरेने पाहिलं, मग बोट पुढे करून त्या तिरक्या दाताला हळूच शिवली.

"आलीस का," ती म्हणाली. "भिजली नाहीस ना?"

"नाही गं. ऊन आहे."

मावशी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा ताई त्यांच्या मागे गेली. आता तिला न विचारता राहणं शक्य नव्हतं. मावशींनी पातेल्यात पाणी घालता घालता सांगितलं. आईची आठवण गेली पाच-सहा वर्षं विरत चालली आहे. मावशींनी पहिली कवळी दुसरीकडून करून घेतली होती, छान सरळ दातांची. ती घालून घरी आल्या तर आई ओळखीना. माझ्या मुलीचा दात तिरका होता, ही बाई कोण, म्हणून घाबरून रडायला लागली. आठ दिवस मावशी स्वतःच्या घरात परक्या बाई होत्या.

"मग मी तुमच्या डॉक्टरांकडे आले. ते म्हणाले, मागे एक बाई आहेत, त्या करतील तर करतील." पाणी उकळलं तशी त्यांनी साखर टाकली. "तू अगदी होता तसा केलास. मला स्वतःलाही आरशात फरक कळला नाही."

ताईने कपबश्या काढून ओळीने मांडल्या. तिला नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, की तो दात बसवताना तिने मेण तीनदा काढून परत लावलं होतं, आणि दर वेळी स्वतःलाच विचारलं होतं, हे कशाला करतोय आपण.

नडगी बरी झाली. तीन आठवड्यांच्या विश्रांतीने सगळं पाण्यात जाईल अशी ताईला धास्ती होती. गेलं नाही. पहिल्या दिवशी दम जरा लवकर लागला, आठवड्याभरात पुन्हा पूर्वीसारखं झालं. "मग विश्रांतीत शरीर काय करत असतं?" असा नवा प्रश्न तिने वहीत लिहिला आणि पुढे अर्धं पान मोकळं सोडलं.

शर्यतीचा दिवस आला. हवा छान गार होती. मावशी यावेळी पळणार नव्हत्या, आईला सर्दी-ताप होता म्हणून त्या घरीच थांबल्या. जाताना ताई त्यांच्या दारावरून गेली. मावशींनी दारातूनच सांगितलं, "पहिल्या किलोमीटरला सगळे तुझ्या पुढे जातील. जाऊ दे. त्यातले निम्मे तुला पुढे भेटतील."

तसंच झालं. मी तिसऱ्या किलोमीटरपाशी सायकल घेऊन उभी होते. ताई आली तेव्हा तिचा चेहरा लाल नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती मनातल्या मनात मोजत होती. तिच्या पुढे एक जोडपं पाय ओढत चाललं होतं, तिने त्यांना मागे टाकलं. मग दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला, जी ताईपेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. मी सायकल दामटत शेवटाकडे गेले. भाऊजी तिथे आधीच टाचा उंचावून उभे होते. कामावरून तसेच आले होते, हाताला ग्रीस.

शेवटच्या वळणावर ताई दिसली. आता मात्र ती खरंच जोरात पळत होती. भाऊजी बायकोला हाक मारायची सोडून "सरका, सरका!" असं समोरच्या लोकांना ओरडत होते. ताईने रेघ ओलांडली. मी घड्याळ पाहिलं.

तीस मिनिटं चार सेकंद.

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. "चार सेकंद म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "घड्याळंसुद्धा चार सेकंद चुकतात."

ताई कठड्याला टेकून दम खात होती. मला वाटलं आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. दोन मिनिटांनी तिने मान वर केली आणि विचारलं, "छोटे, ते चार सेकंद गेले कुठे?"

"अगं, जाऊ दे ना."

"नाही, कुठेतरी गेले असणार." तिने डोळे मिटले आणि सगळी शर्यत मनात पुन्हा पळाली. मग एकदम डोळे उघडले. "पाण्याचा पेला!"

चौथ्या किलोमीटरपाशी स्वयंसेवक पाण्याचे कागदी पेले देत होते. सगळे पळणारे घोटभर पिऊन पेला रस्त्यावर टाकत होते. ताई मात्र पेला हातात धरून कचऱ्याचा डबा शोधत रस्त्याच्या पलीकडे गेली होती आणि पेला नीट आत टाकून परत आली होती.

भाऊजी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "बावीस वर्षं मी हिच्याबरोबर संसार करतोय," ते म्हणाले. "ही दुसरं काही करूच शकली नसती."

"तरी किती सेकंद गेले असतील?" ताई विचारात पडली होती. "दहा? पंधरा?"

ते तिला कळून घ्यायचंच होतं. दोन आठवड्यांनी, आई बरी झाल्यावर, मावशी कॉलेजच्या मैदानावर आल्या. येताना आईलाही चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या होत्या आणि खुर्ची उन्हात लावली होती. साडेबारा फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर. ना मांडव, ना कोणाचं पदक, ना छातीवर नंबर. मी घड्याळ धरलं, मावशींनी फेऱ्या मोजायला हातात गाठी मारलेला दोरा घेतला, आणि भाऊजी पाण्याची बाटली घेऊन पट्टीच्या कडेला उभे राहिले. ही बाटली रिकामी झाली तर आपणच सांभाळू, असं त्यांनी आधीच जाहीर केलं.

ताई निघाली. सहा फेऱ्यांपर्यंत ती अगदी एकसारखी पळत होती, चौदा मिनिटं सव्वीस सेकंद. मी ओरडून वेळ सांगितली, तिने नुसता अंगठा वर केला. नवव्या फेरीला तिचे खांदे वर चढायला लागले. "हात सैल सोड," मावशी शांतपणे म्हणाल्या, जणू शेजारी बसलेल्या माणसाला सांगताहेत. ताईने हात सैल सोडले. दहावी, अकरावी. बाराव्या फेरीला खुर्चीतल्या म्हातारीने मला विचारलं, "ती मुलगी कोणापासून पळतेय?"

"कोणापासून नाही, आजी. तिला बघायचंय किती वेळ लागतो."

"अस्सं," म्हातारी म्हणाली आणि खुर्चीत पुढे सरकून बघायला लागली.

शेवटची अर्धी फेरी ताई कशी पळाली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी घड्याळाकडे बघत होते. एकोणतीस मिनिटं त्रेचाळीस सेकंद. मी ते तीनदा ओरडून सांगितलं. भाऊजींनी बाटली खाली टाकून टाळ्या वाजवल्या, मग धावत जाऊन ती उचलली.

ताई गवतावर पाठ टेकून आडवी झाली होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "पहिल्या सहा आणि नंतरच्या सहा, किती किती?"

मी वहीत पाहिलं. पहिल्या सहा चौदा-सव्वीस, नंतरच्या सहा चौदा-दहा. शेवटी शेवटी ती सोळा सेकंदांनी जास्त वेगाने पळाली होती. हे ऐकून ताई उठून बसली आणि इतकी खूश झाली की तीस मिनिटांचं सगळे विसरूनच गेलो. मावशींनी तिच्या केसातलं गवत काढलं.

"आता तरी कळलं का, वेग कुठून येतो?" मी विचारलं.

"थोडं थोडं," ताई म्हणाली. "सगळं नाही."

ही गोष्ट गेल्या वर्षीची. ताईची साखर आता काठावरून बरीच खाली उतरली आहे, डॉक्टर आल्यागेल्याला तिची वही दाखवतात, आणि दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट मंगळवारी आमच्याबरोबर मैदानावर येते. पोस्टमावशींची आई हिवाळ्यात गेली. त्यानंतर महिनाभर मावशी पळायला आल्या नाहीत. ताई रोज त्यांच्याकडे चहाला जात होती आणि पळण्याचा विषयही काढत नव्हती. एका सकाळी मावशी आपणहून कालव्यावर आल्या, बुटांच्या नाड्या बांधून.

सध्या ताईला वेगळाच प्रश्न पडलाय. संध्याकाळी काम करून दमून पळालं तरी सकाळपेक्षा किलोमीटरमागे चार-पाच सेकंद लवकर होतं, असं तिच्या लक्षात आलंय. असं का व्हावं? झोपून उठलेलं माणूस ताजं असायला हवं. दहा सकाळी आणि दहा संध्याकाळी झाल्याशिवाय ती यावर काही बोलणार नाही म्हणते. काल सातवी संध्याकाळ झाली. मावशींना याचं उत्तर आत्ताच माहीत आहे असा मला दाट संशय आहे. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलंही. पण त्या म्हणाल्या, "मी माझा अंदाज कागदावर लिहून ठेवलाय. चूक निघाला तर मलाही कळायला हवं ना."